दुसरा प्रश्न

रस्त्यापलीकडच्या पोरीला सेलिनानं उत्तर देऊन टाकलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. मँचेस्टरच्या मार्केट स्ट्रीटवर मंगळवारची दुपार होती, घोड्यांच्या ट्रामा फरशीवरून खडखडत चालल्या होत्या, एका बिअरच्या गाडीचं चाक गटारात अडकलं होतं आणि गाडीवान घोड्याला आणि देवाला सारख्याच शिव्या देत होता. त्या गोंगाटात पलीकडच्या फुटपाथवर दोन पोरी उभ्या होत्या. डोक्यावरून शाली, पायांत लाकडी तळाचे बूट, हातात छापील पत्रकांची चवड. त्या बोलत होत्या, पण आवाजानं नव्हे. गिरणीत आठशे माग एका छपराखाली धडधडायला लागले की माणसाचा आवाज कुचकामी होतो. मग बायका ओठ ताणून, भुवया उडवून, सगळा चेहरा कामाला लावून बोलतात आणि चार मागांपलीकडची बाई ते नुसतं बघून ऐकते. तशा त्या बोलत होत्या. "शॉरॉक कधीपासून आहे गं तिथं?" एकीनं विचारलं. दुसरीनं खांदे उडवले. आणि सेलिनानं, मिसेस जोसाया पिलिंगनं, जिच्या हातांत करड्या रंगाचे हातमोजे होते आणि बगलेत पडद्याच्या कापडाचं पुडकं, तिनं ओठ रुंद करून सांगितलं, सोळा वर्षं.

दहा वर्षांत तिचं तोंड असं उघडलं नव्हतं. तिला गालांचे स्नायू जाणवले, भर रस्त्यात झगा वर उचलला गेल्यासारखं वाटलं. ती झटकन वळली आणि टोप्यांच्या दुकानाच्या काचेत बघत राहिली. काचेत टोप्या होत्या, टोप्यांवर तिचा चेहरा होता, आणि चेहऱ्यामागून ती पोरगी ट्रामच्या घोड्यासमोरून धावत रस्ता ओलांडत होती.

"बाई, तुम्ही थॉर्नशॉ गावच्या ना? कालव्याकडच्या गिरणीतल्या?"

सेलिना 'नाही' म्हणाली. तुमचा काही गैरसमज होतोय. हे तिनं त्या मऊ, गोल आवाजात म्हटलं, जो तिनं चॅपलमधल्या बायकांचं ऐकून ऐकून कमावला होता.

"मग सोळा कुठनं आणलंत?" पोरगी म्हणाली. ती उद्धट नव्हती. वीस-एकवीसची असेल, शालीच्या लोकरीत सुताची बारीक फुलं अजून अडकलेली. तिनं आपलं नाव सांगितलं, टेमर हॉल्डन. आपण विणकरणी आहोत, पाच आठवडे झाले, दोनशे जणी मागावरून उठून बाहेर बसल्यात, मुकादम शॉरॉकच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून. का ते बाईंना सांगायला नको. सगळं शहर हसतंय, वर्तमानपत्रवाले म्हणतात आजकालच्या पोरींना काम नको, नखरे हवेत. शनिवारी थॉर्नशॉला तीन पाद्री बसणार आहेत चौकशीला. आणि मालकांचा वकील एकच गोष्ट सगळीकडे सांगत सुटलाय: बारा वर्षांमागेही एका बाईनं असंच बालंट घेतलं होतं, तेव्हाही चौकशी झाली आणि त्या बाईच्या जिवलग मैत्रिणीनंच सांगितलं, की असलं काही कधी घडलं नाही.

"त्या मैत्रिणीच्या शब्दावर उभा आहे बघा तो शॉरॉक अजून," टेमर म्हणाली. "जुनी एक तरी बाई हवी होती आम्हाला. पण लग्न होऊन गेलेल्या बोलत नाहीत, नि म्हाताऱ्या झालेल्यांना आठवत नाही." तिनं सेलिनाच्या तोंडाकडे बघितलं, डोळ्यांकडे नव्हे, विणकरणी बघतात तसं ओठांकडे, आणि तिच्या हातात एक पत्रक दिलं. "गैरसमज झाला असेल तर माफी असावी, बाई."

सेलिना घरी चालत गेली. ट्राम रिकामी समोरून गेली तरी ती चढली नाही. ट्राममध्ये समोरासमोर बसावं लागतं. चालताना तिला आठवत होतं ते काही धडपणे आठवत नव्हतं, आधी वास येत होते. ओल्या खळीचा वास. सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये वाफ सोडायचे त्या वाफेचा. धोट्याचा, कारण नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा आधी दुसऱ्या कुणी चोखलेला असे. तेलाची, कापसाची, दुसऱ्या बाईच्या तोंडाची चव. दहाव्या वर्षी ती अर्धवेळ गिरणीत लागली, सकाळी माग आणि दुपारी शाळा, आणि शाळेत बाकावर झोप लागली की मास्तरीणबाई मारायची नाही, कारण तिची स्वतःची बहीण मागावर होती. ती पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी शॉरॉक मुकादम म्हणून आला. एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडे चार माग होते. चारही मागांवर लाल काठाची धोतरं निघत, कुठल्याशा उन्हाच्या देशातल्या पुरुषांसाठी. केझाया डक्सबरी तिच्या पाठीला पाठ लावून पुढचे चार माग बघायची. केझाया तिच्याहून एका वर्षानं मोठी, लांब हातांची, मोठ्यानं हसणारी. ती शेडमध्ये हसली की आवाज ऐकू यायचा नाही, पण खांदे दिसायचे.

माग बिघडला की मुकादमानं यायचं असतं. विणकरणीला स्वतः हात लावायची परवानगी नसते. आणि मागानं जेवढं कापड दिलं तेवढंच तिचं, माग उभा राहिला म्हणजे घरी चूल थंड. ही एवढीच गोष्ट होती. बाहेरच्या माणसाला ती समजावून सांगता येत नाही. तो विचारतो, अगं मग तू ओरडली का नाहीस? शॉरॉक कुणावर जबरदस्ती करत नसे. तो फक्त यायचा नाही. तू बोलावलंस की मान हलवायचा आणि दुसऱ्या रांगेकडे जायचा. माग उभा. शेजारच्या बाया धडाधडा विणताहेत आणि तू हात बांधून उभी, जशी काही आळशी. एक दिवस जातो, दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी तो येतो, खाली वाकतो, पाना फिरवता फिरवता काहीतरी घाणेरडं बोलतो, आणि बघतो की तू हसतेस का.

सेलिना हसली होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, केझायालाही नाही, प्रार्थनेतही हे वाक्य ती उडी मारून ओलांडायची. तिसऱ्या दिवशी ती हसली होती आणि माग दुरुस्त झाला होता. त्यानंतर कांड्यांच्या खोलीत तो तिच्या मागून आला. एकूण तीनदा. भिंतीला टेकवलेल्या पेट्या, तंबाखूचा वास, आणि बाहेरच्या धडधडीनं पायांखालची फरशी थरथरत असायची, इतकी की आपण थरथरतोय का जमीन, ते कळायचं नाही. तिसऱ्या वेळी माग बिघडला तेव्हा ती स्वतः त्याला बोलवायला गेली होती आणि जाण्याआधी तिनं केस सारखे केले होते. का केले होते? बारा वर्षं ती स्वतःला विचारत होती. केस डोळ्यांवर आले होते म्हणून, हे उत्तर खरं होतं. ते पुरत नव्हतं.

केझाया हसली नाही. तिचे माग आठ-आठ दिवस बंद राहू लागले. एका सकाळी कांड्यांच्या खोलीच्या दारात त्यानं तिला अडवलं, बाही खांद्यापासून फाटली, आणि ती ओढाताण सेलिनानं चार हातांवरून बघितली. केझाया त्याच दुपारी चॅपलच्या पाद्रीबुवांकडे गेली. असं करायचं धाडस तिला कुठून आलं, देव जाणे. रविवारच्या शाळेच्या खोलीत चौकशी बसली: पाद्री, गिरणीचा मॅनेजर आणि एक कारकून. मॅनेजरच्या मागे पॅलेस्टाईनचा नकाशा टांगलेला होता. सेलिनाला बोलावलं तेव्हा केझाया दाराशी बाकावर बसली होती. तिनं काही विचारलं नाही, विनवलंही नाही. आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली, घाबरू नको, एक मिनिटाचं काम आहे.

दोन प्रश्न विचारले. सोमवारी सकाळी तू काही पाहिलंस का? नाही, माझं तोंड मागाकडे होतं. मुकादम तुझ्याशी कधी वावगं वागला का? नाही साहेब. कधीच नाही. पहिलं 'नाही' तिनं पुटपुटत म्हटलं होतं. दुसरं 'नाही' इतकं स्वच्छ आलं की पाद्रीबुवांनी मान हलवून तिच्याकडे कौतुकानं पाहिलं.

केझायाला काढलं. बालंट घेणारी म्हणून गावातल्या दुसऱ्या कुठल्याही गिरणीनं तिला दारात उभं केलं नाही. चॅपलमधला तिचा लहान मुलांचा वर्ग दुसऱ्या बाईकडे गेला. ती टेकाडावरच्या लॉन्ड्रीत कपडे धुवायला लागली. आणि शॉरॉकनं सेलिनाला परत कधी हात लावला नाही. त्यानं याहून वाईट केलं. तिचा माग जरा अडखळला की तो सगळ्यांच्या आधी तिच्याकडे यायचा, मुकाट्यानं दुरुस्त करून जायचा. शेजारणी बघायच्या. कुणी एक अक्षर बोललं नाही, आणि आठशे मागांच्या त्या शेडमध्ये तिच्याशी ओठ हलवणंही हळूहळू बंद झालं. दोन वर्षांनी मँचेस्टरच्या वखारीतून कापड तपासायला एक नीटस, सावकाश बोलणारा माणूस आला. सेलिनाच्या ताग्यांत एकही दोष नसतो, हे त्यानं वहीत टिपून ठेवलं आणि नंतर तिलाही सांगितलं. तिचे माग कधी बंदच नसत, दोष कुठून येणार? त्याच्याशी लग्न करून ती निघून आली. घर, पडदे, चहाची निळी भांडी, चॅपलमधली तिसऱ्या रांगेतली जागा. हे सगळं कुठून आलं, ते कुणी विचारत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी चहाच्या वेळी जोसाया वर्तमानपत्र वाचत होता. तो रोज तिला दोन-तीन बातम्या वाचून दाखवायचा, त्यात त्याला तिची सोबत वाटायची. त्या दिवशी त्यानं थॉर्नशॉच्या संपाची वाचली आणि म्हणाला की धूर दिसला म्हणून आग असतेच असं नाही, पूर्वीही एकदा चौकशी झाली होती म्हणे, काही निघालं नाही.

"ती साक्ष माझी होती," सेलिना म्हणाली.

तिनं आवाज काढून ते म्हटलं याचं तिलाच नवल वाटलं. जोसायानं चष्म्यावरून पाहिलं. त्याला आधी अभिमान वाटल्यासारखं झालं, मग काहीतरी दिसलं आणि तो भाव विरघळला.

"खोटी?"

"हो."

त्यानं पेपराची घडी घातली, पुन्हा घातली, इतकी की पेपर हातरुमालाएवढा झाला. मग त्यानं विचारलं, "तुलाही?" आणि तिनं मान डोलावली. तो तिच्या हातांकडे बघत होता, जणू तिथं काही डाग दिसेल. चांगला माणूस होता. तो ओरडला नाही. लग्नाआधी सांगायला हवं होतंस, एवढंच म्हणाला, आणि कोळशाची बादली भरून आणायला उठला. बादली भरलेलीच होती. तो ती तशीच उचलून बाहेर गेला आणि तशीच घेऊन आला. झोपायला जाताना म्हणाला की शनिवारी मला वखारीत जावं लागेल. म्हणजे मी तुझ्याबरोबर येणार नाही. म्हणजे, तू जाणार हे मला कळलंय. शुक्रवारी तो तिच्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलला.

थॉर्नशॉच्या चौकशीला खोली तीच होती. नकाशा काढून टाकलेला होता. तीन अनोळखी पाद्री, मालकांचा वकील, खिडकीशी बाकावर टेमर आणि दहा-बारा पोरी. आणि शॉरॉक. सेलिना सगळी वाट त्याच्या चेहऱ्याची तयारी करत आली होती. पण तिथं गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळलेला, खोकणारा, टक्कल पडलेला एक म्हातारा होता. त्यानं तिला ओळखलं. ओळखलं आणि मान लववली, आपल्या माणसाला लववतात तशी, किंचित हसून. त्याला वाटलं, ती त्याच्याच बाजूनं आली आहे. टेमरनं ती मान लववलेली पाहिली आणि तिच्या डोळ्यांत क्षणभर जो संशय उमटला त्यानं सेलिनाचे कान तापले.

तिनं सांगितलं. मोजे हातातच होते, ते काढायचं सुचलं नाही. सांगता सांगता तिचा कमावलेला आवाज कुठेतरी गळून पडला आणि ती थॉर्नशॉची बोली बोलू लागली, शब्दांची टोकं तोडून, ओठ ताणून. वकील उठला. विचारलं, की तेव्हा खोटं बोललात असं तुम्हीच म्हणता, मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून समजायचं?

"तेव्हा खोटं बोलले त्याचं मला बक्षीस मिळालं," ती म्हणाली. "आज काही मिळायचं नाही."

बसावं असं वाटत असताना ती बसली नाही. कुणी विचारलं नसताना म्हणाली, "मी हसले होते त्याच्या बोलण्याला. पहिल्यांदा. माग दुरुस्त करावा म्हणून." सगळ्यांत म्हाताऱ्या पाद्र्यानं टाक उचलला, तिच्याकडे पाहिलं, आणि टाक खाली ठेवला. ते वाक्य त्यानं लिहून घेतलं नाही. तिला ते लिहून घेतलेलं हवं होतं.

बाहेर टेमर तिचा हात धरायला आली, पण सेलिना गाडीची वेळ झाली म्हणाली. गाडीला तासभर होता. स्टेशनची वाट टेकाडावरच्या लॉन्ड्रीवरून जाते, उघड्या दारांतून वाफ रस्त्यावर येत होती. ती दुसऱ्या फुटपाथवरून, मान खाली घालून, पुढे निघून गेली. तीन पाद्र्यांसमोर जे जमलं ते एका दारासमोर जमलं नाही. गाडीत ती स्वतःला सांगत राहिली की आता झालं, जे करायचं ते केलं, आणि प्रत्येक स्टेशनावर ते थोडं कमी खरं वाटत गेलं.

बुधवारी निकाल लागला. शॉरॉक दोषी ठरला, मालकांनी त्याला काढलं, आणि सोमवारी दोनशे विणकरणी आपल्या मागांवर गेल्या. टेमरचं पत्र आलं, मोठ्या, शाळकरी अक्षरांत. शनिवारी आम्ही सगळ्या चहा करणार आहोत, मटण घातलेल्या बटाट्यांची परात आहे, तुम्ही याच. पत्र जोसायाच्या हाती पडलं. त्यानं ते वाचून तिच्या बशीपाशी ठेवलं आणि म्हणाला, "जा. लोक बोलावतात तर जावं." साक्षीनंतरच्या रविवारी चॅपलमध्ये नेहमीचे शेजारी दुसरीकडे जाऊन बसले आणि त्यांच्या रांगेत दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या. तो तिच्या शेजारी ताठ बसून सगळी गाणी नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला होता, बेसूर. हे ती जन्मभर विसरणार नव्हती आणि त्याबद्दल त्याला काही म्हणणारही नव्हती.

चहाला ती गेलीच नाही. थॉर्नशॉला उतरली आणि टेकाड चढून लॉन्ड्रीत गेली.

केझाया इस्त्रीच्या टेबलापाशी होती. बत्तीस वर्षांची बाई, पण हातांवरून साठ म्हटलं असतं. सोड्यानं कातडी पांढरी, चिरलेली, नखं बुडाशी गेलेली. शनिवारची सुट्टी झाली होती, बाकीच्या गेल्या होत्या. तिनं वर पाहिलं, इस्त्री चुलीवर परत ठेवली.

"आलीस," ती म्हणाली. "टेमर म्हणत होती येशील. मी म्हटलं, नाही यायची."

सेलिनानं जे पाठ करून आणलं होतं ते बोलायला सुरुवात केली. तुझं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दानं... केझायानं हातानं थांबवलं. तिला ते ऐकायचं नव्हतं, आणि ते न ऐकण्यात राग नव्हता, हे सेलिनाला दिसलं. राग असता तर तिला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं.

"तू पाहिलंस ते मला ठाऊक होतं," केझाया म्हणाली. "तुझं तोंड माझ्याकडेच होतं तेव्हा. नाही म्हणालीस, घाबरलीस. तुझी आई अंथरुणाला खिळलेली, चार माग. मीपण घाबरलेच होते की. वर्षभर तुझं नाव काढलं की थुंकायचे मी. मग सोडलं." तिनं ओल्या बोटानं इस्त्रीची धग बघितली. "पण दुसरा प्रश्न विचारला ना त्यांनी तुला, तुझ्याशी कधी असं वागला का म्हणून. त्याला तू नाही म्हणालीस, ते मी खरं मानलं. इतकं नीट म्हणालीस तू ते. बारा वर्षं मला वाटत होतं, चला, माझं झालं ते झालं. निदान सेलिना सुटली. कधी फार वाईट दिवस असला ना, तर तेवढं एक बरं वाटायचं. टेमरनं परवा सांगितलं, तू काय काय सांगितलंस ते. तेव्हा रडले बघ मी. आधी कधी नव्हते."

सेलिना रडली नाही. रडावं तर तेही मागणंच झालं असतं. क्षमेचा शब्द तोंडाशी आला आणि तिनं तो गिळला, कारण तो आता कुठल्या खोट्यासाठी मागायचा हे तिला कळेना. एक खोटं केझायानं केव्हाच माफ करून टाकलं होतं, आणि दुसऱ्या खोट्याच्या आधारानं ती जगली होती. ते दुसरं काढून घेणारीही सेलिनाच होती. खरं बोलून.

केझायानं टोपलीतून चादर काढली, एक टोक तिच्याकडे फेकलं. लांबलचक, जड, हॉस्पिटलच्या चादरी होत्या त्या, एकटीनं घडी घालायला त्रास पडतो. सेलिनानं मोजे काढून टेबलावर ठेवले आणि टोक धरलं. दोघी मागे सरल्या, चादर ताणली, झटकली, मग पुढे आल्या, आणि केझायाच्या खरखरीत बोटांनी तिच्या हातातली दोन्ही टोकं काढून घेतली. परत मागे. परत पुढे. बावीस चादरी होत्या. मध्येच एकदा केझाया तिच्या हातांकडे बघून म्हणाली, "कोपरे जुळव नीट, सेलिना. ते लोक परत पाठवतात." सेलिनानं चादर उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतली.